झाशीचे पुस्तकालय आणि शोकाचा अधिकार

1858 सालच्या एप्रिल महिन्याच्या पहिल्या आठवड्यात झाशी शहर पडले. सर ह्यू रोज याच्या फौजेने 3 एप्रिल रोजी तटावर हल्ला चढविला, रस्त्यारस्त्यांतून आणि राजवाड्याच्या दालनांतून झुंज झाली, आणि 4 तारखेच्या रात्री राणी लक्ष्मीबाई किल्ल्यातून निसटून काल्पीच्या वाटेला लागल्या. त्यानंतर शहरात जे घडले त्याचे मराठीतील सर्वांत प्रसिद्ध प्रत्यक्षदर्शी वर्णन कोकणातील वरसई गावच्या विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास' या पुस्तकात करून ठेवले आहे. कत्तल, आगी, विहिरींत पडलेली माणसे, पाण्यावाचून तडफडणारी मुले हे सारे त्यात आहे. लुटीलाही एक क्रम होता. आधी सोनेनाणे, मग भांडीकुंडी, मग धान्य आणि कपडालत्ता अशी ती उतरत्या भावाने चालली. हे सांगत असताना गोडसे भटजी एका ठिकाणी थांबतात आणि राजवाड्यातील पुस्तकालयाच्या नाशाविषयी लिहितात. पोथ्यांची बासने सुटली, पाने विखुरली, पिढ्यांनी जमविलेला संग्रह धुळीला मिळाला.

शहर प्रेतांनी भरलेले असताना या माणसाला पोथ्या आठवल्या, ही गोष्ट वाचकाला प्रथम खटकते. खटकावी हे योग्यच आहे. माणसांच्या मृत्यूपुढे कागदाचा शोक करण्याचा अधिकार कोणाला असतो, आणि तो असलाच तर कोणत्या मर्यादेत, हा प्रश्न त्या मजकुरातून निघतो. तो झाशीपुरता नाही. परंतु झाशीच्या उदाहरणात तो जितका उघडा पडतो तितका अन्यत्र क्वचितच पडत असेल, कारण येथे नष्ट झालेल्या संग्रहाची यादी नाही, सांगाडा नाही, आणि साक्षीदार म्हणून प्रामुख्याने एका भिक्षुकाची आठवण आहे.

तो संग्रह काय होता याविषयी थोडे तरी सांगता येते. झाशीचे नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांच्यापैकी रघुनाथ हरी हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेशव्यांच्या वतीने झाशीचा सुभा सांभाळीत होते. 1792 साली आग्र्याहून उज्जैनीला जात असताना विल्यम हंटर नावाचा इंग्रज वैद्य वाटेत त्यांना भेटला. त्या भेटीची नोंद त्याने आपल्या प्रवासवृत्तात केली आहे. साठीच्या घरातल्या या मराठा सुभेदाराने एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची दुसरी आवृत्ती मिळविली होती, इतकेच नव्हे तर तिच्यातील स्वतंत्र विषयांवरील निबंध सुटे करवून त्यांचे निराळे खंड बांधून घेतले होते. रसायनाचे प्रयोग करण्याची त्यांना उत्कंठा होती. ज्या काळी पुण्यात छापखाना नव्हता आणि मराठी पुस्तक छापून निघण्यास अद्याप काही वर्षे अवकाश होता, त्या काळी बुंदेलखंडातील एका गृहस्थाने इंग्रजी ज्ञानकोश उकलून आपल्या उपयोगासाठी पुन्हा शिवून घेतला, ही गोष्ट पुस्तकाच्या मालकीपेक्षा पुस्तकाच्या वापराविषयी अधिक बोलते. शोभेसाठी ठेवलेला ग्रंथ कोणी असा उसवीत नाही.

हाच संग्रह पुढे वाढत गेला की मध्यंतरी त्याची पांगापांग होऊन नवा जमला, हे सांगण्यास आधार नाही. गोडसे ज्या पुस्तकालयाविषयी लिहितात ते मुख्यतः संस्कृत पोथ्यांचे होते. वेद, भाष्ये, सूत्रे, स्मृती, पुराणे, ज्योतिष, वैद्यक अशी त्याची व्याप्ती ते सांगतात. काशीसारख्या ठिकाणच्या विद्वानांनाही एखादा दुर्मीळ ग्रंथ पाहिजे असला तर त्याची प्रत करून घेण्यासाठी झाशीकडे वळावे लागे, असा त्यांचा निर्वाळा आहे. यात भिक्षुकाची अतिशयोक्ती असेल. यजमानाच्या घरचे सारेच थोर म्हणण्याची त्या व्यवसायाची रीत आहे. तथापि प्रत करून नेण्याचा जो उल्लेख त्यांनी केला आहे, तो या विषयाच्या गाभ्याशी जाणारा आहे. त्याकडे परत यावे लागेल.

आधी आक्षेपाचा विचार केला पाहिजे. माणूस मेला की तो परत येत नाही. ग्रंथ पुन्हा लिहिता येतो, छापता येतो. म्हणून ग्रंथनाशाचे दुःख हे दुय्यम, किंबहुना सुखवस्तू माणसाचे दुःख होय, असा हा आक्षेप आहे. त्याचा पहिला अर्धा भाग निर्विवाद आहे. झाशीच्या हलवाईपुऱ्यात जळालेल्या एका मुलाच्या बदल्यात सारे पुस्तकालय वाचविता आले असते, तर तो सौदा कोणी करावा असे म्हणणारा माणूस ग्रंथप्रेमी नव्हे, क्रूर होय. तीच गोष्ट आदल्या वर्षीच्या जूनची. 8 जून 1857 रोजी जोखनबागेत शरण आलेल्या इंग्रज स्त्रीपुरुषांची आणि मुलांची हत्या झाली. तिचा सूड म्हणून एप्रिलमधील कत्तलीचे समर्थन करणारे त्या काळी होते, आणि एका कत्तलीच्या आठवणीने दुसरी झाकणारे दोन्ही बाजूंना आजही आढळतात. या हिशेबात पोथ्यांना कोणत्याच रकान्यात जागा नाही, आणि ती मागूही नये.

पण गोडसे अशी अदलाबदल कोठे करीत आहेत? त्यांच्या लेखनात माणसांचा आकांत आधी येतो, पुष्कळ अधिक जागा घेतो, आणि पुस्तकालयाचा मजकूर त्याला बाजूला सारीत नाही. दोन दुःखे एका तागडीत घालण्याची सवय वाचकाची आहे, लेखकाची नव्हे. मनुष्य गेला तर त्याच्यासाठी रडणारे कोणी असते, निदान असण्याची शक्यता असते. आई असते, शेजारी असतो, श्राद्धाची तिथी असते. पोथीला गोत्र नसते. तिचा नाश झाला हे ज्याला वाचता येत होते त्यालाच कळते. झाशीच्या त्या दिवसांत पसरलेल्या पानांवरून चालत गेलेल्या शेकडो माणसांपैकी ती पाने कशाची आहेत हे ओळखू शकणारे किती असतील? ओळखू शकणाऱ्याने ते न लिहिणे हा एक प्रकारचा द्रोह झाला असता. शोकाचा अधिकार येथे कर्तव्यातून येतो. ज्याला काय गेले ते ठाऊक आहे, त्याच्यावर ते सांगण्याचे ओझे पडते, मग त्या क्षणी ते सांगणे कितीही विजोड दिसो.

आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग, ग्रंथ पुन्हा लिहिता येतो हा, मात्र अर्धसत्य आहे. ज्याची दुसरी प्रत कोठेतरी आहे तो ग्रंथ पुन्हा लिहिता येतो. एकमेव प्रत ही या बाबतीत माणसासारखी असते: गेली ती गेली. आणि हस्तलिखितांच्या जगात एकमेव असणे हा नेहमीच ग्रंथाचा गुण नसतो, पुष्कळदा तो राखणाऱ्याचा दोष असतो. ज्या संग्रहातून काशीच्या पंडिताने प्रत करून नेली, त्या संग्रहातील तेवढा ग्रंथ 1858 च्या एप्रिलमध्ये मेला नाही. तो दशाश्वमेधाजवळच्या एखाद्या घरात, दुसऱ्याच्या हस्ताक्षरात, कदाचित दोनचार नव्या चुकांसह जगत राहिला असेल. जो ग्रंथ अत्यंत मोलाचा म्हणून कोणाला दाखविला गेला नाही, तो त्या मोलासह गेला. आपल्याकडील लेखनिक पोथीच्या अखेरीस तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात यांपासून ग्रंथाला जपा अशी विनवणी करीत. कृपणाच्या पेटीपासूनही जपा असे त्यात कोणी घातल्याचे सहसा दिसत नाही, आणि ते घातले असते तर बरे झाले असते.

याच संदर्भात तंजावरचे उदाहरण डोळ्यांसमोर येते. झाशी 1854 साली खालसा झाली, तंजावरचे राज्य 1855 साली. दोन्ही घराणी मराठी, दोन्ही दत्तक वारसाच्या किंवा वारसाभावाच्या कारणाने बुडविली गेलेली, दोन्हींकडे ग्रंथांचा संग्रह. तंजावरच्या सरफोजी महाराजांनी 1798 ते 1832 या आपल्या कारकिर्दीत सरस्वती महालात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांबरोबर युरोपीय भाषांतील छापील पुस्तकेही आणून ठेवली. काशीयात्रेहून परतताना पोथ्या आणल्या. रघुनाथ हरींची आणि त्यांची ओळख असण्याचे कारण नाही, पण जिज्ञासेची जात एकच दिसते. राज्य गेल्यावर सरस्वती महालाला सैन्याचा वेढा पडला नाही. बर्नेल या इंग्रज न्यायाधीशाने तेथील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची तयार केली, ती 1880 च्या सुमारास छापून निघाली, आणि 1918 साली ते ग्रंथालय सर्वसामान्यांसाठी खुले झाले. मराठीचीच सुमारे 3,000 हस्तलिखिते तेथे आहेत. मराठी नाटकाच्या आरंभाविषयी जे काही आज बोलता येते त्यातील बराचसा भाग त्या महालातील पोथ्यांमुळे बोलता येतो. झाशीत असे काय होते? गंगाधररावांना नाटकाचा नाद होता हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या पदरच्या नाटकशाळेच्या संहिता त्या वाड्यात असतील काय, हा प्रश्न विचारता येतो इतकेच. सूची नसलेल्या संग्रहाच्या नाशात हा आणखी एक क्रूरपणा असतो. काय गेले ते कळत नसल्यामुळे शोकालाही नेमका विषय मिळत नाही, आणि मग कल्पना वाटेल ते हरवून बसते.

तंजावरची सूची इंग्रजाने केली आणि झाशीची पाने इंग्रजांच्याच फौजेने उधळली, हे एकाच वाक्यात लिहावे लागते, आणि त्यातून अडचणीचा प्रश्न उद्भवतो. 1799 साली श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपू सुलतानाचा ग्रंथसंग्रह विजेत्यांनी ताब्यात घेतला, आणि चार्ल्स स्ट्युअर्टने केलेली त्याची वर्णनात्मक सूची 1809 साली प्रसिद्ध झाली. दिल्लीच्या बादशाही ग्रंथालयातून 1857 च्या धुमाकुळानंतर जे उरले ते लुटीच्या मालाचे वाटप करणाऱ्या अधिकाऱ्यांकडून सरकारने 1859 साली विकत घेतले, आणि 1876 साली ते लंडनला गेले. ते ग्रंथ आज वाचता येतात. झाशीचे येत नाहीत. तेव्हा नीट केलेली लूट ही अजाण उधळपट्टीपेक्षा बरी, असे म्हणावयाचे काय? परिणाम तेवढा पाहिला तर होय म्हणणे भाग आहे. अभ्यासकाला मनातून तेच वाटत असते, जरी तो ते उघड बोलत नसला तरी. परंतु या उत्तरात चोराला राखणदाराचे प्रशस्तिपत्र आपोआप मिळते, आणि ज्याच्या घरातून वस्तू गेली त्याने आपली वस्तू परक्याच्या दारी ओळखपत्र दाखवून पाहावी ही स्थिती स्वाभाविक वाटू लागते. म्हणून ते 'होय' परिणामापुरतेच राहिले पाहिजे, हक्कापर्यंत जाता कामा नये. ही सीमारेषा आखणे अवघड आहे. अनेक वस्तुसंग्रहालयांचे कारभार ती न आखल्यामुळेच सुरळीत चाललेले आहेत.

झाशीच्या वाड्यात शिरलेल्या शिपायाकडे पाहिले तर त्याच्या हातून घडलेले कृत्य पुस्तकद्वेषाचे नव्हते. बासनाच्या वस्त्राला बाजारात किंमत होती, पानाला नव्हती. त्याला ती लिपी येत नव्हती, आणि आली असती तरी त्या दिवशी त्याने वाचावयास बसण्याचा संभव नव्हता. याच्या उलट उदाहरणे विसाव्या शतकाने पुष्कळ दिली. 1914 च्या ऑगस्टमध्ये बेल्जियममधील लूव्हाँ विद्यापीठाचे ग्रंथालय जर्मन सैन्याने जाळले. त्याची भरपाई ग्रंथांनीच करावी असे कलम पुढे व्हर्सायच्या तहात घालावे लागले. 1981 सालच्या मे महिन्याच्या अखेरच्या रात्री श्रीलंकेतील जाफना येथील सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले, त्यात सुमारे 97,000 ग्रंथ गेले. जाळणाऱ्यांना ते काय जाळीत आहेत हे पक्के ठाऊक होते. तमिळ लोकांची स्मृती हेच त्यांचे लक्ष्य होते. पुण्यात 5 जानेवारी 2004 रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात जमाव घुसला, कपाटे फोडली गेली, पोथ्या जमिनीवर आल्या. तेव्हा कोणतेही युद्ध चालू नव्हते, आणि घुसणारे परकी लिपी बोलणारे नव्हते.

कोणाचा दोष अधिक? सामान्य नीतिविचार सांगतो की जाणून केलेले पाप अजाणतेपणी केलेल्यापेक्षा मोठे. व्यक्तीपुरते ते बरोबर आहे. पण झाशीच्या शिपायाचे अज्ञान हे त्याच्या एकट्याचे नव्हते. शहर लुटण्याची मोकळीक वरून मिळाली होती आणि लुटीच्या व्यवस्थेचे नियमही होते. बक्षिसाचा हिशेब ठेवणारे अधिकारी नेमलेले असत. सोन्याच्या तोड्याची नोंद करणाऱ्या यंत्रणेत हस्तलिखिताला रकाना नव्हता. शिपाई अजाण असेल, रकाने आखणारा अजाण नव्हता. त्याच इंग्रजी राजवटीत कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी 1784 पासून पोथ्यांचा शोध घेत होती. सशस्त्र संघर्षात सांस्कृतिक संपदेचे रक्षण करण्याचा आंतरराष्ट्रीय करार हेग येथे 1954 साली झाला, तो या रकान्याची उणीव भरून काढण्याचा प्रयत्न म्हणता येईल. जाफन्याला तो उपयोगी पडला नाही.

आता एक असा आक्षेप, ज्याला गोडसे भटजींकडे उत्तर नव्हते, कारण तो त्यांना सुचलाच नसता. ते पुस्तकालय कोणाचे होते? काशीच्या पंडिताला त्याचे दार उघडे होते. झाशीच्या कोष्ट्याला, कोरी समाजातील सैनिकाला, ज्या स्त्रियांनी तटावर दारूगोळा वाहिला त्यांना, ते उघडे नव्हते. त्यांतील बहुतेकांना वेदाची पोथी ऐकण्याचादेखील अधिकार नाही असे त्याच पोथ्यांतील काहींमध्ये लिहिलेले होते. तेव्हा त्या पानांचा शोक झाशीने करावा ही अपेक्षा थोडी उद्दाम आहे. शहराच्या रक्षणासाठी मेलेल्यांपैकी पुष्कळांना त्या संग्रहाच्या अस्तित्वाची वार्ताही नसेल.

हा आक्षेप पुरा मान्य केला तरी त्यातून संग्रह गेला ते ठीक झाले असा निष्कर्ष निघत नाही. बंद दार उघडावयाचे असते. घर जळाल्यावर दाराचा प्रश्नच उरत नाही. सर्वांना दार उघडे असलेल्या वाचनालयाची कल्पना मराठी मुलखात त्या काळी नुकतीच रुजू लागली होती. नेवाळकरांच्या मूळ जिल्ह्यात, रत्नागिरीस, 1828 साली वाचनालय निघाले, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 चे, कोल्हापूरचे 1850 चे. या संस्थांचे आरंभीचे सभासदही मूठभर प्रतिष्ठितच होते, पण त्यांच्या दाराची जात निराळी होती. वर्गणी भरून आत जाण्याचे तत्त्व एकदा मान्य झाले की पुढे वर्गणी कमी करण्याची मागणी करता येते, आणि कालांतराने महाराष्ट्राला 1967 चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करता येतो. राजवाड्यातील संग्रहाला हा प्रवास करावयास सवड मिळाली असती तर तो काय झाला असता, याचा एक नमुना तंजावरला उभा आहे. सरफोजींच्या महालातील पोथ्या ज्यांच्या पूर्वजांना निषिद्ध होत्या त्यांची नातवंडे आज त्या महालात बसून त्या उलगडतात, आणि त्यांत काय लिहिले आहे हे निर्भयपणे जगाला सांगतात. अन्यायाचा पुरावादेखील पुस्तकातच असतो. पाने उडून गेली की अपराध्याचीही सुटका होते.

खुद्द गोडसे यांच्या पुस्तकाची कथा या विवेचनाला पूरक आहे, आणि थोडी त्रासदायकही. कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून 1857 साली वरसईहून निघालेला हा भिक्षुक बंडाच्या वणव्यात सापडला, द्रव्य गमावून आणि गंगोदक घेऊन घरी आला, आणि पुष्कळ वर्षे गप्प राहिला. चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्याने सुमारे पंचवीस वर्षांनी आपली हकीगत लिहिली. ती छापली गेली 1907 साली, लेखकाच्या मृत्यूनंतर. मधल्या काळात हस्तलिखित सांभाळले हे वैद्यांचे ऋण मराठी भाषेवर आहे. पण छापताना त्यांनी मजकुराला हात लावला. भाषा सारखी केली, काही भाग गाळला, काही फिरविला. इंग्रजी राज्यात, तेही वंगभंगानंतरच्या तापलेल्या वर्षांत, असे पुस्तक काढणाऱ्या माणसाची सावधगिरी समजण्यासारखी आहे. तरीही साठ वर्षे मराठी वाचक जे वाचीत होता ते सर्वस्वी गोडसे यांचे नव्हते. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपले गेले होते म्हणून दत्तो वामन पोतदार यांना ते 1966 साली प्रसिद्ध करता आले. सांभाळणारा आणि कातरणारा एकच होता. संपादकाच्या कात्रीचा न्याय करण्यासाठी मूळ कागद शिल्लक असावा लागतो, ही सोय झाशीच्या पुस्तकालयाला मिळाली नाही.

झाशीतील त्या शहरातील वाड्याला आज राणीमहाल म्हणतात. तो रघुनाथ हरींच्या काळचा मानला जातो. 1858 च्या तोफांनी आणि नंतरच्या उपेक्षेने त्याचा पुष्कळ भाग नाहीसा झाला. उरलेल्या भागातील दरबाराच्या दालनाची रंगीत छत आणि भिंतींवरील चित्रे अद्याप पाहता येतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे परिसरातून गोळा केलेली शिल्पे मांडली आहेत, नवव्या ते बाराव्या शतकांतील, बहुतेक भग्न. प्रत्येकीखाली ती कोणाची आहे आणि कोठे सापडली हे लिहिलेली लहानशी पाटी आहे. पर्यटक राणीचे चित्र शोधीत येतात, शिल्पांपुढून जरा घाईने जातात. वाड्यात एके काळी पोथ्या होत्या हे सांगणारी पाटी लावावयाची झाली तर तिच्यावर ग्रंथांची नावे कोणती घालावीत, हे ठरविणे कोणालाही जमणार नाही.